आरशावरची टिकली

माझ्या थोरल्या भावाने पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, पण टीव्ही समोरून असा फारसा पाहिलाच नाही. मेकॅनिक सेटच्या मागे बसतो आणि चित्र पुढे उमटतं. मागून पेच फिरवताना पुढे काय होतंय ते कळायला समोर आरसा ठेवावा लागतो. दादाकडे सलूनचा आरसा होता. पंचवटीतल्या त्याच्या गल्लीतलं सलून बंद पडलं तेव्हा उचलून आणलेला. तो भिंतीला टेकवून, सेटच्या डोक्यावरून त्यात बघत दादाने साऱ्या जगाच्या घडामोडी उलट्या पाहिल्या. त्याच्या लेखी सगळे चांगले फलंदाज डावरे होते आणि बातम्या देणाऱ्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेत, म्हणजे गुजराती होत्या.

दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे तोच आरसा सकाळी वहिनीचा असे. वहिनी कळवणकडची. तोंड धुण्याआधी कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची, आणि पुष्कळदा ती तिथेच विसरायची. एकदा एका गिऱ्हाइकाचा सेट दुरुस्त करताना दादाला चित्राच्या मधोमध काळा ठिपका दिसला. त्याने गंभीर चेहऱ्याने सांगून टाकलं की ट्यूबला डाग पडलाय, ट्यूब बदलावी लागेल. गिऱ्हाईक समोरून बघत होतं. ते म्हणालं, "कुठाय डाग?" ही गोष्ट पंचवटीत पुढे चारेक वर्षं पुरली. तेव्हापासून सेट उघडण्याआधी दादा जिन्यात तोंड घालून ओरडायचा, "टिकली काढलीस का?" आणि वरून उत्तर यायचं, "कपाळावरच हाय!"

टीव्हीचं काम जोरात असतानाच त्याने अर्ध्या दुकानात व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. तीन मशिनं होती. प्लायवूडची उभी कपाटं, प्रत्येकात वीस इंची टीव्हीची ट्यूब, पुढे एक दांडा आणि सहा बटणं. शाळा बुडवून आलेली मुलं तर असतच, पण गंगेवर, म्हणजे इथल्या नदीच्या घाटावर, श्राद्धाच्या दोन विधींमध्ये वेळ मिळाला की सोवळं सावरत येणारे तरुण गुरुजीही असत. त्यांतल्या एकाच्या हातून शत्रूची जितकी विमानं पडली, तितके पिंड त्याने पाडले नसतील असं दादा म्हणायचा. मग घरोघरी कॉम्प्युटर आले, हातोहाती मोबाईल आले आणि पार्लर बंद झालं. दोन मशिनं भंगारात गेली. तिसरं राहिलं, कारण ते नादुरुस्त होतं. बिघडलेला माल कुणाला द्यायचा नाही, भंगारवाल्यालासुद्धा नाही, असा दादाचा नियम होता. "चालू करतो, मग न्या," तो म्हणाला. त्यानंतर दुकानातले टीव्हीही संपले. भिंतीला चिकटणारे पातळ टीव्ही आले. ते दुरुस्त होत नाहीत, बदलतात. मशीन चादरीखाली उभं राहिलं आणि त्याच्या डोक्यावर वहिनीचे पिठाचे डबे चढले.

त्याचा रोग साधा होता. चालू केलं की पडद्यावर चित्राऐवजी मधोमध एक आडवी पांढरी रेघ यायची. मेकॅनिक लोक याला 'लाइन' म्हणतात. चित्र असतंच, पण ते वरून-खालून दाबलं जाऊन रेघेएवढं झालेलं असतं. "घंट्याभराचं काम आहे," दादा म्हणायचा. असं तो अठरा वर्षं म्हणत होता.

दोन वर्षांपूर्वी दादाचा उजवा डोळा गेला. मधुमेह जुना आणि पथ्य कधीतरीचं. गेल्या दिवाळीनंतर डावा डोळा दाखवायला मी त्याला घेऊन गेलो. दवाखान्याच्या दारातच संगमरवरी कोनशिला होती आणि तिच्यावर उद्घाटनाला आलेल्या मान्यवरांची नावं होती. अक्षरं एवढी मोठी की डोळे तपासायच्या तक्त्यावरची पहिली ओळही त्यांच्यापुढे लहान वाटावी. अधू नजरेच्या माणसाला निदान मान्यवर तरी दिसले पाहिजेत, असा त्यामागे विचार असावा. दादाने ती सगळी नावं एका डोळ्याने वाचून दाखवली. मला बरं वाटलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत.

"पडदा चांगलाय ना?" दादा म्हणाला. "मग मागचं सर्किट बघा."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काका, या कधीही फुटू शकतात. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. तीन आठवड्यांनी ऑपरेशन करू."

"ऑपरेशननंतर दिसेल?"

"आहे ते टिकवायचा प्रयत्न करू."

कुंभासाठी रस्ता खणून ठेवला होता, त्यामुळे परतताना आमची रिक्षा रांगेत उभी होती. दादा म्हणाला, "प्रयत्न करू म्हणजे काय, ते मला माहितीय. ज्याची ट्यूब गेलीय त्या गिऱ्हाइकाला मीपण हेच सांगायचो." आणि मग, "तू रविवारी ये. ते मशीन करायचंय. तीन रविवार आहेत. चित्र बघूनच टेबलावर जाईन."

मी नको म्हणायला हवं होतं. पण आयुष्यात त्याने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. शिवाय मी निवृत्त प्राध्यापक, रविवार काय आणि सोमवार काय. इंदिरानगरहून पंचवटीत जायला मला कारणच हवं असतं.

पहिल्या रविवारी मी पिठाचे डबे उतरवले. वहिनी जिन्याच्या पायरीवर उभी होती.

"भाऊजी, तुम्ही लय शिकलेले. तुम्हाला तरी कळायला पाहिजे. डाक्टरनी वाकायचं नाय म्हणलंय."

"मी वाकणार आहे, वहिनी. दादा नुसता सांगणार."

"हे नुसते सांगणार!" वहिनी म्हणाली. "लग्नात मंगळाष्टकं चालू होती, तर हे उठून माइक दुरुस्त कराया गेले होते."

मागचं झाकण काढलं. आत अठरा वर्षांची धूळ होती. हात लावण्याआधी दादाने मला ट्यूबची वीज उतरवायला लावली. मशीन बंद असलं तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट बसून राहतात. लांब पेचकसाला वायर बांधून ती पत्र्याला जोडायची आणि पेचकसाचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. "डावा हात मागे धर. कंबरेवर. लाजतोस काय? जिवंत राहिलेले सगळे मेकॅनिक असेच उभे राहतात." एवढ्या वर्षांनी आत काही उरलं नसणार, ठिणगी पडली नाही. तरी माझा हात मागेच राहिला.

त्याने सिरीज बल्ब लावला, म्हणजे मशीनच्या वाटेत एक मोठा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकन पेटतो आणि मशीन वाचतं. तो पेटला. दादाने बोर्डावर बोटं फिरवली, आंधळ्या माणसासारखी, हे मला तेव्हाही जाणवलं, आणि फुगलेला कंडेन्सर शोधून काढला. तो बदलला. बल्ब मंदावला. मशीनमधून आवाज आला, तोच तो किरकिरा, गोळ्या सुटल्यासारखा, आणि वहिनी वरून ओरडली, "आलं का परत ते भूत!" पडद्यावर रेघ उमटली.

"ब्राइटनेस कमी कर," दादा घाईने म्हणाला. "नाहीतर तेवढीच जागा जळून जाईल."

दुसऱ्या रविवारी रेघेचं कारण शोधलं. मी भिंग घेऊन बोर्डाच्या पोटाकडची बाजू बघत होतो आणि दादा शेजारी स्टुलावर बसून विचारत होता. मी म्हणालो, "इथे सोल्डर जरा निस्तेज वाटतंय."

"निस्तेज म्हणजे?"

"म्हणजे... चमक हरवल्यासारखं."

"तुझी भाषा कॉलेजात ठेव. गोल चीर आहे का पायाभोवती? अंगठीसारखी?"

होती. बोर्डातून बाहेर आलेल्या एका तारेच्या पायाभोवती केसाएवढी काळी अंगठी. अठरा वर्षं चित्र त्या केसामुळे दबलेलं होतं. सोल्डर मी केलं, दादाच्या हातावर हात ठेवून म्हणा किंवा त्याने माझ्यावर ठेवून. राळेचा वास दुकानभर झाला.

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. कॉलेजात माझी मानपत्रं प्रसिद्ध होती. ज्यांनी तीस वर्षांत एक तास वेळेवर घेतला नाही, त्यांनाही मी 'ज्ञानाचा अखंड नंदादीप' करून निरोप दिला आहे. शाल, श्रीफळ आणि मी असा तो संच होता. कुणाबद्दलही चांगलं बोलायचं असेल तर माझ्याकडे शब्द भरपूर. समोर काय दिसतंय ते सांगायची वेळ आली की माझी पंचाईत.

ती लगेच आली. मशीन चालू केल्यावर रेघेची चार बोटं रुंद पट्टी झाली. पट्टीत रंग होते. दादा मागे, आरसा समोर भिंतीला. पण आता त्याला तेवढ्या लांबचं दिसेना. "रंगीत धूर दिसतोय नुसता. तू सांग, चित्र मधे आहे का?"

"डावीकडे सरकलंय," मी म्हणालो.

त्याने पेचकस फिरवला. पेचकस कसला, वहिनीची स्वेटरची प्लॅस्टिकची सुई, टोक घासून चपटं केलेली. चालू सेटमध्ये लोखंड घालायचं नसतं. चित्र आणखी डावीकडे गेलं.

"अरे, डावीकडे गेलं म्हणतोय मी!"

"म्हणून तर डावीकडून काढतोय!"

"आणखी गेलं!"

"तुला डावं-उजवं कळतं का? प्राध्यापक कुणी केलं तुला?"

पाच मिनिटं आम्ही साठी उलटलेले दोन भाऊ शाळकरी पोरांसारखे भांडलो. मग वहिनी चहा घेऊन खाली आली, दोघांचं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, त्यांचं डावं समोरून हाय. तुमचं आरशातलं." पस्तीस वर्षं त्याची डावी बाजू सगळ्या गिऱ्हाइकांची उजवी होती, आणि आजवर त्याला कुणाला विचारावं लागलं नसल्याने हे कधी उघडकीला आलं नव्हतं.

यावर तोडगा वहिनीनेच काढला. दुकानाच्या एका अंगाला गंगा आहे आणि दुसऱ्या अंगाला भाजीबाजार. "गंगेकडं नि बाजाराकडं म्हणा. ते तर दोघांचं एकच हाय ना?" तेव्हापासून पडद्याला डावं-उजवं राहिलं नाही.

पट्टीची उंची वाढेना. आणखी एक कंडेन्सर थकला होता, तो आठवड्यात मिळवायचा होता. निघताना मी म्हणालो, "दादा, चार बोटं तर चार बोटं, समोर येऊन बघून तरी घे."

"अर्धं काम समोरून बघत नाहीत," तो म्हणाला. "काम पुरं झालं की पहिल्यांदा गिऱ्हाईक बघतं. मग आपण."

तिसरा रविवार ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा. बुधवारी दवाखान्यात हजर व्हायचं होतं. कंडेन्सर मी आणला होता आणि मीच लावला. तोवर मला ते जमायला लागलं होतं. दुकानात ऊन आलं होतं. आरसा या वेळी भिंतीला न ठेवता मी हातात धरून पडद्यापासून दोन फुटांवर उभा राहिलो, म्हणजे दादाला तो जवळ येईल.

"टिकली काढलीस का?" त्याने सवयीने हाक दिली.

"कपाळावरच हाय!"

मी बटण दाबलं. ट्यूब तापायला थोडा वेळ घेते. मग चित्र उघडलं, वरपासून खालपर्यंत. काळं आभाळ, वरून खाली सरकणारे पांढरे तारे, तळाशी एक हिरवं विमान, आणि वर नाणं टाका म्हणून सांगणारी लाल इंग्रजी अक्षरं, उघडझाप करणारी. खरं सांगायचं तर अगदी भिकार चित्र.

"तारे पडतायत," दादा मागून म्हणाला. मी सांगायच्या आधी. "दिसतायत मला. लाल जरा जास्त आहे." त्याचा आवाज अगदी कामाचा होता. "विमान हिरवं आहे ना? त्या गुरुजीचं विमान."

"दादा, समोर ये आता."

"थांब. बाजाराकडे काळी पट्टी आहे. बोटभर. ती काढतो नि येतो."

"असू दे की पट्टी!"

"पट्टी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत."

तो पेच खाली, बोर्डाच्या तळाशी होता. सुई माझ्याकडे दे, मी फिरवतो, असं मी म्हणायला हवं होतं. माझ्या दोन्ही हातांत आरसा होता. तो खाली ठेवता आला असता. दादा एक हात कंबरेवर ठेवून वाकला, चाचपडून पेच शोधला, थोडा जोर लावला. चित्र सरकायला लागलं. तो उठून आरशात बघू लागला.

"टिकली लावलीस परत," तो ओरडला. "मधोमध."

"नाय हो लावली!" वहिनी वरून.

मी आरसा बघितला. त्यावर काही नव्हतं.

"पूस तो," दादा मला म्हणाला. मी बाहीने पुसला. "अजून पूस. वर बघ, वर. गंगेकडे." मी गंगेकडे पुसलं. आरसा स्वच्छ होता. मी तरी पुसत होतो, कारण पुसायचं थांबलो की काहीतरी बोलावं लागलं असतं.

मग तो एकदम म्हणाला, "बंद कर! धूर निघतोय! बंद कर, बोर्ड जळतोय!"

मी बंद केलं. दुकानात शांत झालं. बाहेर भाजीवाली मेथीचा भाव ओरडत होती. दादाने नाक वर करून वास घेतला, लांब, दोनदा. राळेचा जुना वास होता. जळका वास नव्हता.

"धूर आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"काळे दोरे आहेत. वर चाललेत."

त्याने सुई जपून बोर्डापासून बाजूला काढली आणि खिशात ठेवली. मग स्टूल चाचपून खाली बसला.

"चालू कर परत," तो म्हणाला. "नि सांग. पट्टी गेली का?"

पट्टी गेली होती. चित्र पडद्यावर काठोकाठ होतं. मी तसं सांगितलं. मग मी त्याला हाताला धरून समोर आणलं. तो काचेपासून वीतभर अंतरावर उभा राहिला. चेहऱ्यावर लाल-हिरवा उजेड पडला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काहीतरी हलतंय." वहिनी तोवर चपला घालून, दवाखान्याच्या फायली घेऊन उतरली होती.

ऑपरेशन बुधवारऐवजी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी झालं. डॉक्टरांनी प्रयत्न केला. दादाला आता उजेड कुठल्या बाजूला आहे ते कळतं. वाकल्याने झालं का, असं मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, झोपेतही झालं असतं. हे खरं असेल, किंवा तेही मानपत्र लिहीत असतील.

त्यानंतर उन्हाळ्यात गल्लीतल्या मित्रमंडळाने दादाचा सत्कार ठरवला. त्याचा फोटो असलेला फ्लेक्स लागला, त्यात दादा लहान आणि शुभेच्छुक मोठे. मानपत्र अर्थात माझ्याकडे आलं. मी बसलो, 'अंधारातही प्रकाश देणारे' इथपर्यंत लिहिलं आणि कागद फाडला. आजारी आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या कुणीतरी ते लिहिलं आणि त्यातही 'प्रकाश' आलाच. दादा शाल घरी घेऊन आला. ती मशीनवर घालायला बरी पडते, जुनी चादर विरली होती.

मशीन आता चालू आहे, म्हणजे नियमाप्रमाणे भंगारात द्यायला हरकत नाही. ते कुणी बोलत नाही. रविवारी मी जातो. जुन्या ट्यूबचं चित्र तापलं की सरकतं. दर आठवड्याला थोडं काहीतरी बिघडलेलं असतं. दादा मागे बसतो, डावा हात कंबरेवर, उजव्या हातात स्वेटरची सुई. पेच कुठे आहेत ते त्याला माहीत आहे. आरसा वर गेला, तो आता फक्त वहिनीचा. त्यावर पाच-सहा टिकल्या एका ओळीत चिकटलेल्या असतात. आता जिन्यात कुणी ओरडत नाही.

गेल्या रविवारी चित्र गंगेकडे झुकलं होतं. बाजाराकडे बोटभर काळी पट्टी होती, अगदी त्या दिवशी होती तेवढीच. मी तसं सांगितलं. तो काही वेळ मागे खुडबुडत राहिला. उकडत होतं, त्याच्या मानेवरून घाम वाहत होता, आणि मला वाटलं, आज लवकर आटपावं.

"आता?" त्याने विचारलं.

"गेली पट्टी. अगदी मधोमध आलं चित्र. सुरेख."

मग दादा म्हणाला, "मी अजून पेचाला हात लावला नाही."

पडद्यावर तारे पडत होते.

"नीट बघ," तो म्हणाला, "नि परत सांग. किती बोटं?"

मी जवळ गेलो आणि काचेवर बोट ठेवून मोजलं.

"एक," मी म्हणालो. "एकाला थोडं कमी. बाजाराकडे."

"हं," दादा म्हणाला, आणि सुई आत गेली.